मंत्र म्हटल्याने धीर येतो म्हणजे नेमकं काय होतं?

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ पासून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून ठरवला, आणि आता डिसेंबर आला की बेळगावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मंत्रांच्या मेसेजचा पाऊस पडतो. अमुक मंत्र अकरा वेळा म्हणा राग जाईल, तमुक फ्रिक्वेन्सीचा ओंकार ऐका मेंदूतल्या पेशी जाग्या होतील, असलं काय काय. मग घरात दोन तट पडतात. अज्जी म्हणते नाम घे बाळा, मन जाग्यावर येतंय. इंजिनिअरिंगला असलेला नातू म्हणतो अज्जी हे सगळं मानण्यावर असतं गं. मला विचाराल तर अज्जीचं बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे नातवाला पटेल अशा भाषेत कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी धीर म्हणजे काय ते बघू

टिळकवाडीत रेल्वे गेट पडलंय, पाठीमागून हॉर्न वाजतायत, पुढचा गाडी अर्ध्या रस्त्यात आडवी घालून उभा आहे. किंवा नळाला पाणी येणार म्हणून पहाटे उठून घागरी लावून ठेवल्यात आणि पाणी आलेलंच नाही, शेजारणीकडं मात्र टँकर येऊन गेला. अशा वेळी राग सगळ्यांनाच येतो. धीर असलेल्या माणसालाही येतो, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण बरेच लोक मंत्र सुरू करतात आणि आठ दिवसांनी पुन्हा राग आला की म्हणतात माझ्याच्यानं होत नाही. धीर म्हणजे राग न येणं नव्हे. राग आल्यावर तोंडातून शब्द जायच्या आधी, हात उचलायच्या आधी जी थोडीशी जागा मिळते ती. कुणाला ती मिळतच नाही, कुणाला दोन श्वासांएवढी मिळते, आणि तेवढ्यात माणूस ठरवू शकतो की आता बोलायचं का नाही.

गीतेत अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे धीराचे, तीन प्रकार सांगितलेत. त्यातली सात्त्विक धृती कुठली, तर जी मन, प्राण आणि इंद्रियं या तिघांच्या हालचाली धरून ठेवते ती (१८.३३). मला इथं प्राण हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं मन आवरा असं गीता सांगत नाही, मनाबरोबर श्वासही धरायला सांगते, आणि मंत्राचं निम्मं काम तिथंच चालतं.

शरीरात काय चालू असतं

आपल्या शरीरात काही कामं आपल्याला न विचारता चालतात. छातीचे ठोके, पचन, रक्तदाब, घाम. ही कामं सांभाळणाऱ्या नसांच्या जाळ्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचे दोन भाग महत्त्वाचे. एक भाग धोका दिसला की शरीराला तयार करतो, ठोके वाढवतो, श्वास उथळ आणि भराभर करतो, हातापायाचे स्नायू ताठ करतो. दुसरा भाग धोका गेला की सगळं पुन्हा हळू करतो, आणि या दुसऱ्या भागाची मुख्य नस म्हणजे व्हेगस, ती मेंदूपासून निघून गळ्यातून छातीत आणि पोटापर्यंत जाते.

अडचण अशी की शरीराला खरा धोका आणि रेल्वे गेट यातला फरक चटकन कळत नाही. कोपऱ्यावर पिसाळलेलं कुत्रं दिसलं तरी तेच, सासूबाई काहीतरी टोचून बोलल्या तरी तेच, ठोके वाढणार म्हणजे वाढणार. आणि ठोक्यांना आपण सांगू शकत नाही बाबांनो हळू व्हा. पण या सगळ्या कामांत एक काम असं आहे की ते आपोआपही चालतं आणि आपण ठरवलं तर आपल्या हातातही येतं. श्वास. श्वास आत घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना थोडे कमी होतात. तरण्या माणसाने मनगटाची नाडी धरून सावकाश श्वास घेतला सोडला तर हा फरक बोटाला कळतो, वय झालं की तो कमी होत जातो. म्हणजे सोडायचा श्वास जेवढा लांबेल तेवढा शांत करणाऱ्या भागाला जास्त वेळ मिळतो.

हे आपल्या जुन्या लोकांना ठोके न मोजताही ठाऊक होतं असं दिसतं. पतंजलींच्या योगसूत्रांत मन विचलित झाल्याच्या खुणा दिल्यात, त्यात दुःख, उदासपणा, अंगाची थरथर यांच्या जोडीला श्वास-प्रश्वास म्हणजे बिघडलेला श्वास आहे (१.३१). आणि थोडं पुढं उपायांमध्ये प्राण बाहेर सोडण्याचा आणि थांबवण्याचा उल्लेख येतो (१.३४).

मंत्र इथं कुठं आला

बोलायचं किंवा गायचं तर श्वास सोडतानाच जमतं, घेताना नाही. त्यामुळं मंत्र मोठ्यानं म्हणायला लागलो की सोडायचा श्वास आपोआप लांबतो, घ्यायचा श्वास दोन मंत्रांच्या मध्ये पटकन होतो. नेहमी बसल्या जागी मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिश्चनांची जपमाळेवरची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळेला श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. कुणी त्यांना हळू श्वास घ्या असं सांगितलेलं नव्हतं, म्हणण्याच्या लयीनंच तो तसा झाला.

सहा या आकड्यात काय आहे? मिनिटाला सहा म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. आपल्या रक्तदाबात तशीही साधारण दर दहा सेकंदांनी एक बारीक चढउतार होत असते. श्वासाची लय त्या लयीला मिळाली की रक्तदाब वर गेला तर ठोके कमी करायचे आणि खाली आला तर वाढवायचे, ही जी शरीराची स्वतःची सांभाळून घ्यायची सोय आहे ती जास्त चांगली चालते. त्या अभ्यासात हीच सोय सुधारलेली दिसली. 'अंतर्गत स्थैर्य' असा जड शब्द आपण ऐकतो ना, शरीरापुरता त्याचा अर्थ हाच, धक्का बसला की सावरून परत जाग्यावर यायची ताकद.

आपल्या कर्नाटकातलंही एक उदाहरण आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत ओंकार म्हणताना मेंदूत काय होतं ते एमआरआय मशीनवर बघितलं गेलं आणि ते २०११ साली छापून आलं. ओंकार म्हणताना भीती आणि भावनांशी संबंध असलेल्या भागांची हालचाल कमी झालेली दिसली, नुसतं 'स्स्स' म्हणताना तसं दिसलं नाही. पण हा अगदी थोड्या लोकांवरचा सुरुवातीचा प्रयोग होता, त्यावरून 'विज्ञानाने सिद्ध केलं' असे मेसेज फिरवू नयेत. चांगल्या गोष्टीला खोट्या आधाराची गरज नसते, आणि उद्या कुणी तो आधार काढून घेतला की पोरं मंत्रच सोडून देतात.

मग नुसता श्वासच मोजला तर?

चालेल की. डॉक्टर लोक सांगतातही. पण करून बघा, एक दोन तीन चार मोजताना मन मोजूनही होतं आणि शेजारच्याशी भांडूनही होतं. मनातलं भांडण शब्दांत चालतं हे लक्षात घ्या. तो असं म्हणाला, मी असं म्हणायला पाहिजे होतं, पुढच्या वेळी भेटू दे मग सांगतो, ही सगळी वाक्यंच असतात. आणि जीभ, मग ती मनातल्या मनात का असेना, एका वेळी एकच वाक्य नीट चालवू शकते. तिथं तुम्ही 'ॐ नमः शिवाय' ठेवलं की भांडणाच्या वाक्यांना जागा कमी पडते. राग कशावर आला ती गोष्ट तशीच राहते, पण ती पुन्हा पुन्हा उगाळणं थांबतं, आणि रागाचं बरंचसं वय या उगाळण्यामुळंच वाढतं.

शिवाय भाव. पतंजली प्रणवाच्या, म्हणजे ॐच्या, जपाबद्दल सांगताना त्याच्या अर्थाची भावना करायला सांगतात (१.२८). आकड्यांना अर्थ नाही, मंत्राला आहे. लहानपणी आजोळी ऐकलेला, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात म्हटलेला, कपिलेश्वराच्या रांगेत उभं राहून म्हटलेला मंत्र तोंडात आला की त्याच्याबरोबर आपली माणसं येतात, आधार येतो. हे मशीनवर मोजता येत नाही म्हणून खोटं ठरत नाही. मी स्वतः श्रद्धेनं जप करते आणि श्वासाचं गणितही मानते, मला त्यात कुठं भांडण दिसत नाही.

मन भटकतं, मग उपयोग काय?

सगळ्यात जास्त लोक इथं सोडून देतात, म्हणून इथं जरा थांबू. माळ हातात घेतली, चार मणी गेले की गॅस बंद केला का, पोराची फी भरायची राहिली, खानापूरची बस किती वाजता, सगळं आठवतं. मग माणूस म्हणतो माझं मन लागत नाही, मला हे जमणार नाही.

शेतकऱ्याच्या घरात नवा खोंड औताला लावतात तेव्हा काय होतं बघा. पहिल्या दिवशी तो सरीत चालतच नाही. बांधाकडं जातो, मध्येच उभा राहतो, जोडीच्या जुन्या बैलाला ओढून नेतो. म्हणून कुणी त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात नेत नाही, आणि शहाणा शेतकरी त्याला बडवतही नाही, कासरा ओढून परत सरीत आणतो. पुन्हा जातो, पुन्हा आणतो. शिकणं त्या आणण्यातच असतं. खोंड पहिल्यापासून सरळच चालला असता तर शिकवायचं काय होतं?

जपाचं अगदी तसंच आहे. मन गेलं हे कळलं, आणि न चिडता परत मंत्रावर आणलं, हा एक फेरा म्हणजे धीराचा एक व्यायाम. एका माळेत वीस वेळा मन गेलं आणि वीस वेळा आणलं तर वीस व्यायाम झाले. गीतेत सहाव्या अध्यायात हेच आहे, चंचल मन जिथं जिथं जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं (६.२६). न चिडता आणणं हे मात्र विसरू नका, कारण स्वतःच्या मनावर खेकसत जप करणारा माणूस घरात पोरांवरही खेकसतो. आणि हाच सराव नंतर गेटपाशी उपयोगी पडतो. राग आला, कळलं, परत आलो. रोज सकाळी शांत बसून जे केलं तेच, फक्त हॉर्नच्या आवाजात.

कुठला मंत्र घ्यायचा

आपल्या भागात याची कमी नाही. 'ॐ नमः शिवाय' हा तर मराठी आणि कानडी दोन्ही घरांतला. 'नमः शिवाय' हे शब्द यजुर्वेदातल्या रुद्रात येतात, लिंगायत धर्मात मंत्र हा अष्टावरणांपैकी, म्हणजे भक्ताला जपणाऱ्या आठ गोष्टींपैकी, एक, हुबळीच्या सिद्धारूढ मठात हाच मंत्र चालतो, आणि अनगोळच्या हरिमंदिरातल्या कलावती आई याच सिद्धारूढांच्या परंपरेतल्या. वारकरी घरात 'रामकृष्णहरी' आहेच, तुकोबांना स्वप्नात बाबाजींनी दिलेला. गोंदवलेकर महाराजांची माणसं 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र घेतात. निपाणी चिकोडीकडं नरसोबाच्या वाडीला जाणारी घरं भरपूर, तिथं टेंबेस्वामींनी दिलेला 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा'. यातला जो तुमच्या घरात आधीपासून आहे तोच घ्या, नवीन शोधत बसू नका. दर महिन्याला मंत्र बदलणाऱ्याचा कुठलाच मुरत नाही.

उच्चार चुकला तर पाप लागेल का, हा प्रश्न हमखास येतो. गायत्री (ऋग्वेद ३.६२.१०) किंवा महामृत्युंजय (ऋग्वेद ७.५९.१२) हे वेदातले मंत्र आहेत, त्यांना उदात्त अनुदात्त असे स्वर आहेत, ते जाणत्याकडून शिकून घेतलेले बरे. नाममंत्राला तसलं बंधन नाही. जनाबाई दळण दळताना नाम घ्यायची, तिला कुणी सोवळं विचारलं नाही. पाळीत चालतं का असं बायका मला कानात विचारतात, मी त्यांना मोठ्यानं सांगते, नामाला चालतं.

कसं म्हणायचं

चार सेकंद नाकानं श्वास घ्या. मग सोडताना 'ॐ' दोन सेकंद आणि 'नमः शिवाय' चार सेकंद. झाले दहा. या हिशोबानं १०८ मण्यांची एक माळ १८ मिनिटांत होते. आता बरेच जण माळ तीन मिनिटांत संपवतात, त्यात श्वासाला काही फायदा होत नाही, नुसती बोटं पळतात. वेळ कमी असेल तर एका सोडत्या श्वासात मंत्र तीनदा म्हणा, म्हणजे माळ सहा मिनिटांत होईल आणि श्वासही हळूच राहील. आणि तेवढाही नसेल तर सहा श्वास, एक मिनिट. घड्याळ लावून छाती आवळू नका, चक्कर आली, दम लागला तर सोडून द्या. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास अडवून धरायचा नाही.

जुन्या परंपरेत जपाचे तीन प्रकार आहेत, मोठ्यानं म्हणायचा वाचिक, ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू येणार नाही असा उपांशु, आणि मनातला मानस. मानस सगळ्यात श्रेष्ठ सांगितलाय, पण नवशिक्यानं मोठ्यानंच सुरुवात करावी असं मी म्हणेन, कारण मनातल्या मनात श्वास लांबेलच असं नाही आणि झोप लवकर येते. गेटपाशी, ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत मात्र उपांशु बरा.

मोबाईलवर मंत्र लावून ठेवला तर? ऐकायला गोड वाटतो, घर प्रसन्न वाटतं, जरूर लावा. पण तो श्वास गाणाऱ्याचा लांबतो, आपला नाही. आपण भाजी चिरत आधीसारखाच उथळ श्वास घेत असतो. बरोबर म्हटलं तर गोष्ट वेगळी.

म्हणजे सगळं सोसत बसायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटतो, आणि तो बहुतेक वेळा बायका आणि तरुण पोरं विचारतात. आपल्या सीमाभागाला तर धीर धरा हे कुणी वेगळं सांगायची गरजच नाही, १९५६ पासून तेच ऐकतोय, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात घातलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचीही आपण वाटच बघतोय. त्यामुळं धीर शब्द ऐकला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, ते मी समजू शकते.

त्यासाठी पुन्हा गीतेकडं जाते. सात्त्विक धृतीच्या पुढं एकच श्लोक सोडून तामसी धृती सांगितलीय, झोप, भीती, शोक, खचलेपण आणि मद यांना जी सोडत नाही ती (१८.३५). म्हणजे भीतीपोटी गप्प बसणं, दारुडा नवरा मारतो तरी नशीब म्हणून राहणं, हे गीतेच्या हिशोबानं धीर नाहीच, तो तामसी चिवटपणा आहे. मंत्रानं मिळालेली ती दोन श्वासांची जागा गप्प बसायला वापरायची असं कुठं लिहिलंय? ती नीट बोलायला वापरायची. साहेबापुढं आवाज न चढवता अर्ज पुन्हा ठेवायला, नवऱ्याला स्पष्ट नाही म्हणायला, माहेरी फोन करायला, पोलिसात जायला. थरथरत केलेली गोष्ट आणि स्थिर होऊन केलेली गोष्ट, दोन्हींत समोरचा माणूस फरक ओळखतो.

गोळ्या बंद करायच्या का

नाही. बीपीच्या, झोपेच्या, डिप्रेशनच्या गोळ्या मंत्र सुरू केला म्हणून स्वतःच्या मनानं थांबवायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. काही जणांना, खास करून ज्यांच्या बाबतीत पूर्वी काही भयंकर घडलेलं असतं, डोळे मिटून बसलं की उलट भीती वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, चालता चालता म्हणावं, आणि तरी त्रास झाला तर थांबावं, देव रागावत नाही. दोन आठवडे सतत उदास वाटतंय, झोप नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर १४४१६ या टेली मानसच्या सरकारी नंबरवर फोन करा, तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. दवाखान्याची चिठ्ठी आणि जपमाळ एकाच पिशवीत राहू शकतात.

एकट्यानं बसायला जमत नसेल तर

मग भजनाला जा. स्वीडनमध्ये २०१३ साली एकत्र गाणाऱ्या लोकांचे ठोके तपासले, तेव्हा सगळे एकाच लयीत श्वास घेत असल्यानं त्यांच्या ठोक्यांचा चढउतारही एकमेकांशी जुळत गेलेला दिसला. आपल्याकडं भजनात पुढचा ओळ सोडतो आणि मागचे उचलतात, त्यात श्वास घ्यायला आणि सोडायला आपसूक जागा मिळते, मोजावं लागत नाही, आणि टाळ हातात असल्यावर मन फार लांब जातही नाही. वडगाव, शहापूर, अनगोळ, कुठल्याही गल्लीत विचारा, आठवड्यातून एखाद्या दिवशी कुणाच्या तरी घरी भजन असतंच. बाळेकुंद्रीला पंत महाराजांच्या उत्सवात तर मराठी येणारा आणि कानडी येणारा शेजारी शेजारी बसून म्हणतो. पहिल्या दिवशी नुसतं मागं बसून टाळ वाजवला तरी चालतं, पदं पाठ नसली तरी कुणी विचारत नाही.